नागपूर कराराचा हिशेब कुणाकडे?

(आकाशवाणीवर दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



नागपूरहून वर्धा रोडने दक्षिणेला निघाले की तीसेक किलोमीटरवर बुटीबोरी लागते. तिथे रस्ते फुटतात. एक हिंगणघाट, पांढरकवडा करत हैदराबादला जातो. दुसरा वर्धा, यवतमाळ, नांदेड करत थेट तुळजापूरला. रेल्वेचाही एक फाटा इथूनच उमरेडकडे वळतो. मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणा, या तिन्ही राज्यांच्या सीमा इथून काही तासांच्या अंतरावर आहेत. आपली राजधानी मात्र रेल्वेने आठशेवर किलोमीटर दूर. २०२५ साली समृद्धी महामार्ग पूर्ण झाला, तोही ७०१ किलोमीटरचा आहे. म्हणजे या गावाला शेजारची राज्ये जवळची आणि स्वतःचे मंत्रालय लांबचे. आज ज्या विषयावर बोलायचे आहे तो या अंतराशी जोडलेला आहे.

शेजारी प्रदेश एकत्र येतात, एक संघ करतात, एकच धोरण सगळ्यांसाठी ठरवतात, तेव्हा त्यातल्या लांबच्या आणि दुबळ्या भागाचे काय होते, हा तो विषय. असे म्हटले की आपल्याला युरोपीय संघ आठवतो, किंवा दिल्ली आणि राज्ये यांचे भांडण आठवते. पण महाराष्ट्र हासुद्धा एक छोटा संघच आहे, हे आपण विसरतो. १९६० साली जे राज्य झाले त्यात मुंबई प्रांतातले मराठी जिल्हे होते, निजामाच्या राज्यातून आलेला मराठवाडा होता आणि मध्य प्रांत-वऱ्हाडातून आलेले आठ जिल्हे होते. तिघांची भाषा एक, पण कायदे वेगळे, जमिनीच्या पद्धती वेगळ्या, कचेरीतले शब्दसुद्धा वेगळे. नागपूर-भंडाऱ्याकडे मालगुजार होते, वऱ्हाडात रयतवारी होती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर भागातल्या तलावांना आजही सरकारी कागदात माजी मालगुजारी तलाव म्हणतात आणि लोक त्याचेच मामा तलाव करतात. पुण्याकडच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागतो. एवढे वेगळेपण घेऊन आम्ही एका घरात आलो.

आलो ते काही डोळे मिटून आलो नाही. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. पश्चिम महाराष्ट्राकडून यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे. विदर्भाकडून रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर, रा. कृ. पाटील अशी माणसे त्यात होती, मराठवाड्याचेही प्रतिनिधी होते. करार अकरा कलमांचा आणि अगदी छोटा आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात विदर्भाला सरकारात, सरकारी नोकऱ्यांत, तंत्रशिक्षणाच्या जागांत वाटा मिळेल. नागपूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ राहील. दर वर्षी ठरावीक काळ सरकार नागपूरला येऊन बसेल आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तिथे होईल. मागासलेल्या भागांच्या विकासाकडे खास लक्ष दिले जाईल.

आता गंमत बघा. या करारानंतर तीनच महिन्यांनी, डिसेंबर १९५३ मध्ये, केंद्र सरकारने राज्य पुनर्रचना आयोग नेमला. न्यायमूर्ती फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर हे तिघे त्याचे सदस्य. त्यांनी १९५५ च्या अहवालात विदर्भाचे वेगळे राज्य करावे अशी शिफारस केली. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी भाषावार राज्यांवर पुस्तिका लिहिली. एका राज्याची भाषा एक असावी, पण एका भाषेचे राज्य एकच असले पाहिजे असे मुळीच नाही, हा त्यांचा मुद्दा. मराठी मुलखाचे त्यांनी चार भाग सुचवले होते, त्यांत विदर्भ हा एक. म्हणजे विदर्भवाद हे कुणा नाराज पुढाऱ्यांचे खूळ आहे असे जे अधूनमधून ऐकू येते, ते इतिहासाला धरून नाही. आयोगाचे ऐकले गेले नाही, ही गोष्ट वेगळी. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. त्या दिवसापर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती.

पुढे चव्हाणांनी ऑगस्ट १९६० मध्ये विधानसभेत निवेदन करून कराराची वचने पाळण्याची हमी दिली. माणूस शब्दाचा होता, आणि त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. प्रश्न हेतूचा नव्हताच. हा करार म्हणजे कायदा नव्हता. तो मोडला तर दाद कुठे मागायची, पाळला की नाही हे कोण मोजणार, याबद्दल त्यात एक अक्षर नाही.

बुटीबोरीच्या चौकातून जो रस्ता हैदराबादला जातो, त्या बाजूलाही असेच घडले. आयोगाने तेलंगणालाही तूर्त वेगळे ठेवा असे सांगितले होते. फेब्रुवारी १९५६ मध्ये आंध्र आणि तेलंगणाच्या नेत्यांत सद्गृहस्थांचा करार झाला. नोकऱ्या, शिक्षण, महसुलातला शिल्लक पैसा, सगळे त्यात होते. १९६९ मध्ये करार पाळला नाही म्हणून मोठे आंदोलन झाले आणि २ जून २०१४ ला तेलंगणा वेगळे झाले. सद्गृहस्थांमधल्या करारांचे असे होते. सद्गृहस्थ निवृत्त होतात आणि कारकून उरतात.

नागपूर करारातले सर्वांना दिसणारे कलम म्हणजे अधिवेशन. डिसेंबर आला की मंत्रालयाच्या फायली गाड्या भरून येतात, रविभवन-नागभवन रंगवले जाते, आमदार निवासात गर्दी होते, आणि संत्री घेऊन मंडळी परत जातात. याची थट्टा करणे सोपे आहे. पण युरोपीय संसदही हेच करते. तिच्या समित्यांची कामे ब्रुसेल्सला चालतात, पण वर्षातून बारा वेळा सारी संसद पेट्या भरून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला जाते. खर्च होतो, टीका होते, सदस्यच तक्रार करतात. तरी जातात, कारण १९९७ च्या ॲमस्टरडॅम करारात तसे लिहिलेले आहे आणि फ्रान्सच्या संमतीशिवाय ते खोडता येत नाही. करोनात त्यांचीही फेरी थांबली आणि आपलीही, २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशने मुंबईत झाली. फरक एवढाच की त्यांच्याकडे किती वेळा जायचे हे लिहिलेले आहे. आपल्याकडे ‘ठरावीक काळ’ असे शब्द होते, तो काळ कोणी ठरवला नाही, आणि सरकारचा मुक्काम अधिवेशनापुरता राहिला.

अधिवेशन दिसते, म्हणून त्यावर चर्चा होते. जे दिसत नाही ते सिंचन, रस्ते, शाळा यांचे. त्याचा पहिला नीट हिशेब व्हायला १९८४ साल उजाडले. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सोपी पण कडक पट्टी घेतली. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा नऊ क्षेत्रांत राज्याची सरासरी काढायची, प्रत्येक जिल्हा तिच्या किती खाली आहे ते पाहायचे आणि ती तूट भरायला किती पैसा लागेल ते सांगायचे. त्या तुटीला नाव दिले अनुशेष. तोपर्यंत हा शब्द कागदोपत्रीच होता, पुढे तो विदर्भातल्या चहाच्या टपरीवर पोहोचला. राज्याचा एकूण अनुशेष निघाला सुमारे ३,१८७ कोटी रुपये. त्यात विदर्भाचा १,२४७ कोटी, मराठवाड्याचा ७५१ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९ कोटी. हा शेवटचा आकडा विदर्भातले वक्ते सहसा सांगत नाहीत, तो मी मुद्दाम सांगतो. तूट पश्चिमेकडच्या जिल्ह्यांतही होती. दांडेकरांनी प्रदेश नाही, जिल्हे मोजले, म्हणून ती दिसली.

सरकारने अहवाल रीतसर स्वीकारला नाही, पण आकडे वापरायला सुरुवात केली. मग निर्देशांक व अनुशेष समिती आली. तिने १ एप्रिल १९९४ ची स्थिती धरून नव्याने मोजले तेव्हा एकूण अनुशेष निघाला १४,००७ कोटी रुपये आणि विदर्भाचा वाटा ६,६२४ कोटी. किमती वाढल्या, पट्टी थोडी बदलली, हे धरूनही एक गोष्ट लक्षात घ्या. पहिल्या हिशेबात विदर्भाचा वाटा शेकडा ३९ होता, दुसऱ्यात तो शेकडा ४७ झाला. भरपाई सुरू असताना हिस्सा वाढला.

दरम्यान घटनेत एक तरतूद १९५६ पासून पडून होती. कलम ३७१, पोटकलम दोन. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित भागासाठी वेगळी विकास मंडळे, आणि निधीच्या न्याय्य वाटपाची, तंत्रशिक्षण व सरकारी नोकरीतल्या संधीची विशेष जबाबदारी राज्यपालांवर. ही मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये. अडतीस वर्षांनी. त्यानंतर राज्यपाल निर्देश देऊ लागले. २००१ मध्ये राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी सिंचनाच्या पैशाबाबत निर्देश दिले, तेव्हा मुंबईत पुष्कळ मंडळींना ते लागले. लोकांनी निवडलेले सरकार असताना राज्यपालांनी पैसा वाटावा का, असा आक्षेप घेतला गेला. लोकशाहीच्या दृष्टीने आक्षेप अगदी खोटा नव्हता. पण ज्या विधानसभेत विदर्भाचे आमदार नेहमीच अल्पसंख्य राहणार, तिथे बहुमताबाहेरचा एखादा पंच लागतोच. आपल्या पंचाची अडचण अशी की आकडे गोळा करणारे खातेही सरकारचे, पैसा खर्च करणारे खातेही सरकारचे, आणि निर्देश पाळला गेला नाही तर राज्यपालांच्या हाती फारसे काही नाही.

युरोपात हे कसे करतात? तिथे ज्या विभागाचे दरडोई उत्पन्न संघाच्या सरासरीच्या पंचाहत्तर टक्क्यांखाली असते, त्याला मागास विभाग म्हणून निधीचा मोठा वाटा मिळतो. आकडे संघाची स्वतंत्र सांख्यिकी संस्था तपासते, आणि वाद झाला तर न्यायालय आहे. देणारा, मोजणारा आणि निवाडा करणारा हे तीन वेगळे. पण एवढे करूनही सगळे सुरळीत झाले असे समजू नका. ब्रिटनमधले कॉर्नवॉल आणि पश्चिम वेल्स या निधीचे मोठे लाभार्थी. २३ जून २०१६ च्या सार्वमतात कॉर्नवॉलने संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले, आणि साऱ्या वेल्सचा कौलही तोच होता. पैशाने बांधलेल्या रस्त्यावर संघाचा फलक होता, पण तो रस्ता कुठे न्यायचा हे आपल्याला कुणी विचारले, असे तिथल्या माणसाला वाटत राहिले.

आता बुटीबोरीकडे येऊ. दांडेकरांच्या नऊ क्षेत्रांत उद्योग नव्हते. कारखाना खाजगी मालकाचा, तो कुठे काढायचा हे सरकार हुकमाने सांगू शकत नाही, फक्त आमिष दाखवू शकते. ते आमिष म्हणजे १९६४ पासूनची सामूहिक प्रोत्साहन योजना. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर जा, करात सवलत घ्या, मागास तालुक्यात जा, जास्त घ्या. तालुक्यांना अ, ब, क, ड, ड-प्लस असे वर्ग मिळाले. या वाटेने बुटीबोरीत औद्योगिक विकास महामंडळाची पंचतारांकित वसाहत उभी राहिली. इंडोरामाचा पॉलिस्टर धाग्याचा कारखाना आला, वीजवाहिन्यांचे मनोरे करणारे केईसी आले, पुढे सीएटचा टायरचा कारखाना आला. ज्यांनी इथली पूर्वीची कपाशीची आणि तुरीची शेते पाहिली आहेत त्यांना बदल सांगायची गरज नाही.

पण सवलत हा नाजूक धागा असतो. छत्तीसगड २००० साली झाले, आणि आपल्याकडच्या उद्योजकांच्या तोंडी तिथल्या विजेचा दर बसला. वीज चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याला तयार होते, राख आमच्या अंगणात पडते, आणि महावितरणचा दर साऱ्या राज्यात एकच. त्या दराने बुटीबोरीतल्या कारखान्याची स्पर्धा पुण्याशी नसून रायपूरशी आहे, हे मुंबईत पटायला २०१६ उजाडले. त्या वर्षी विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातल्या उद्योगांना वीजदरात सूट मिळाली. सीमेजवळच्या भागाला वेगळे धोरण लागते, एवढे कळायला राज्याला छप्पन्न वर्षे लागली.

उलट उदाहरण कापसाचे. १९७२ पासून एकाधिकार खरेदी योजना आली. हेतू चांगला, शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवायचे. पण कापूस राज्याबाहेर नेणे गुन्हा ठरला. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला की वऱ्हाडातला शेतकरी स्वतःच्या शेतातला माल चोरासारखा रात्री सीमेपार नेत असे. पिकवणारे बहुतेक विदर्भ-मराठवाड्यातले, नियम ठरला साऱ्या राज्याचा म्हणून. २००२ नंतर ती मक्तेदारी सैल झाली. ऊस मात्र या काळात सहकारात वाढला. यात कुणाचे कारस्थान होते असे मी म्हणत नाही. धोरण करणाऱ्याच्या डोळ्यापुढे जे पीक असते, त्याचे बारकावे त्याला माहीत असतात, इतकेच.

मग अस्मितेचे काय? विदर्भाची अडचण अशी की त्याची अस्मिता भाषेची नाही. वऱ्हाडी ही मराठीच. वेगळे राज्य मागितले की मराठी माणूस तोडता का, असा प्रश्न समोरून येतो आणि आम्ही गप्प बसतो. भावनेचे इंधन कमी, म्हणून आंदोलन पेटते आणि विझते. मतपेटीतून नागपूरने दोनदा तरी स्पष्ट सांगितले: १९६२ मध्ये लोकनायक बापूजी अणे अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले, १९७१ मध्ये जांबुवंतराव धोटे गेले. पुढे तेच धोटे काँग्रेसमध्ये गेले. भाजपने १९९७ मध्ये भुवनेश्वरला वेगळ्या विदर्भाचा ठराव केला. २००० साली तीन राज्ये झाली, त्यात विदर्भ नव्हता. मित्रपक्षाचा विरोध होता. म्हणजे अस्मितेवर भरवसा ठेवावा तर ती युतीच्या गणितात अडकते.

आणि समजा, उद्या राज्य झाले. तरी माझा प्रश्न सुटत नाही. सिंचनाचा उरलेला अनुशेष कुठे आहे? अकोला, वाशीम, बुलडाणा, अमरावती. म्हणजे पश्चिम विदर्भात. बुटीबोरी, मिहान, मेट्रो कुठे आहे? नागपूरभोवती. मुंबई-पुण्याने आमच्याशी जे केले असे आम्ही म्हणतो, तेच उद्या अमरावतीचा माणूस नागपूरबद्दल म्हणेल. काही जण आजच म्हणतात. नागपूरकरांना ते ऐकायला आवडत नाही.

नोकरीचे उदाहरण तर रोजचे आहे. सवलत घेणाऱ्या कारखान्यांत ऐंशी टक्के कामगार स्थानिक असावेत असा राज्याचा नियम आहे. पर्यवेक्षकांत पन्नास टक्के. पण स्थानिक म्हणजे कोण? ज्याचे महाराष्ट्रात पंधरा वर्षे वास्तव्य आहे तो. बुटीबोरीच्या ज्या शेतकऱ्याची जमीन वसाहतीत गेली त्याचा मुलगा आणि कोल्हापूरहून आलेला मुलगा, दोघेही या व्याख्येत सारखेच स्थानिक. कोल्हापूरच्या मुलाला इथे काम मिळू नये असे मी म्हणणार नाही, नागपूरची मुलेही पुण्यात काम करतातच. माझे म्हणणे निराळे आहे. नागपूर करारात नोकऱ्यांचा वाटा प्रदेशावर होता, उद्योगाच्या नियमात तो राज्यावर आला. मधल्या काळात व्याख्या कधी बदलली, कोणी बदलली, याची चर्चा झाल्याचे कुणाला आठवते का? शिवाय नियम कायम कामगारांवर मोजायचा की ठेकेदाराच्या हजेरीपटावर, हा वेगळाच वाद आहे.

विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. करोनाचे दिवस होते, फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला, पण त्यावर शेवटचा आदेश राष्ट्रपतींचा लागतो. त्याआधी विजय केळकर समितीने २०१३ मध्ये दिलेला प्रादेशिक समतोलाचा अहवाल २०१४ च्या डिसेंबरात विधिमंडळात मांडला गेला, तोही नागपूरलाच. त्यावर गदारोळ झाला आणि तो बाजूला पडला. मंडळे फार कर्तबगार होती असे नाही. त्यांच्याकडे पैसा थोडा, माणसे थोडी आणि अध्यक्षपद बऱ्याचदा राजकीय सोयीचे. पण वर्षातून एकदा कुणीतरी आकडे मागत होते आणि खात्याला ते द्यावे लागत होते.

तेव्हा येत्या हिवाळी अधिवेशनासाठी आपल्या आमदाराकडे एक काम द्या. वेगळे राज्य हवे की नको, यावरचे त्यांचे मत विचारू नका, ते निवडणुकीनुसार बदलते. एक तारांकित प्रश्न टाकायला सांगा. गेल्या पाच वर्षांत राज्य सरकारच्या सेवेत वर्ग एक आणि वर्ग दोनमध्ये जी भरती झाली, तिच्यात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रातले उमेदवार किती, जिल्हावार. आणि बुटीबोरीसह विदर्भातल्या वसाहतींत सवलत घेतलेल्या कारखान्यांच्या ऐंशी टक्क्यांत नागपूर आणि वर्धा जिल्ह्यांतले कामगार किती, कायम किती आणि ठेक्यावर किती. उत्तर ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे आले, तर तेच पत्र पुढच्या डिसेंबरात पुन्हा टाकायला सांगा.